व्हिडिओ गेम : शेवटच्या बांधीला पोहोचलेले पाणी

धरणाचे पाणी सुटले की ते आधी कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतांना मिळते, हे गोंदिया जिल्ह्यातील धानउत्पादकाला वेगळे सांगावे लागत नाही. कालव्याच्या अखेरच्या टोकाला असलेल्या बांधीत (भाताच्या खाचराला इकडे बांधी म्हणतात) पाणी पोहोचते तेव्हा वरच्या शेतकऱ्याची निकड संपलेली असते. व्हिडिओ गेमचा इतिहास नेमका असाच आहे. जपान-अमेरिकेत जे यंत्र जुने झाले, मोडीत निघाले, ते स्वस्त होऊन कित्येक वर्षांनी विदर्भातील लहान शहरांत पोहोचले. आज पस्तिशी-चाळिशीत असलेली पिढी ज्या खेळांच्या आठवणीने हळवी होते, ते खेळ तिच्या हाती आले तेव्हा त्यांच्या मूळ देशात जवळपास निवृत्त झाले होते.

म्हणूनच या पिढीचे स्मरणरंजन समजून घ्यायचे, तर त्या उद्योगातील भरती-ओहोटी समजून घ्यावी लागते. तेथील प्रत्येक ओहोटी ही येथील भरती ठरली.

चढ, कोसळणे आणि पुन्हा उभारी

अमेरिकेतील 'अटारी' कंपनीने १९७२ साली 'पाँग' हा टेबल टेनिसवर बेतलेला खेळ आणला आणि नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांचा धंदा उभा राहिला. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. १९८० मध्ये तोरू इवातानी यांच्या 'पॅक-मॅन'ने लोकप्रियतेची शिखरे गाठली. पाठोपाठ ही करमणूक दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचापर्यंत आली आणि पैसा दिसताच जो तो गेम बनवू लागला.

परिणाम व्हायचा तोच झाला. सुमार खेळांनी दुकाने भरली, ग्राहकांचा विश्वास उडाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील बाजार कोसळला. सुमारे ३२० कोटी डॉलरची उलाढाल १९८५ पर्यंत अवघ्या १० कोटींच्या आसपास आली. अटारीने न खपलेल्या मालाचे ढीग न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरले. पुढे अनेक वर्षे ही दंतकथाच मानली जात होती. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि 'ई.टी.' या खेळाची पुरलेली काडतुसे खरोखरच बाहेर निघाली.

अमेरिकेत ही पडझड सुरू असतानाच १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. १८८९ साली क्योतो शहरात पत्त्यांचे कॅट बनविण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. १३ सप्टेंबर १९८५ रोजी तिचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला आणि त्याच वर्षी तिने आपले घरगुती यंत्र अमेरिकेत आणले. पोळलेले दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे नाव ऐकायलाही तयार नव्हते. म्हणून सोबत एक छोटा यंत्रमानव देऊन ते यंत्र खेळणे म्हणून विकण्याची शक्कल लढविण्यात आली. ती यशस्वी झाली. नोव्हेंबर १९९० मध्ये निन्टेंडोने नवे, अधिक शक्तिशाली 'सुपर फॅमिकॉम' आणले आणि जुने यंत्र मागे पडले. भारतातील गोष्ट खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

अठरा हजारांचे अस्सल, हाताशी आलेली नक्कल

अस्सल यंत्रे भारतात आणण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. निन्टेंडोची प्रतिस्पर्धी असलेल्या 'सेगा'ने १९९५ मध्ये 'शॉ वॉलेस' या भारतीय उद्योगसमूहाशी वितरणाचा करार केला. ८० टक्के आयातशुल्काचा बोजा टाळणे हा त्यामागील हेतू होता. तरीही 'मेगा ड्राइव्ह' या यंत्राची किंमत १८ हजार रुपये होती. त्या काळी कारकून वा शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम. महानगरांतील सुखवस्तू घरांपुरताच तो माल राहिला, यात नवल नाही.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. राइस मिल आणि विडी उद्योगावर चालणारे, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचे हे जंक्शन शहर. अशा शहरांतील घरांत पोहोचली ती फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र मागे पडल्यावर त्याच्या रचनेनुसार सुटे भाग बनविणे तैवान व चीनमधील कारखान्यांना सोपे आणि स्वस्त झाले. कालांतराने अनेक चिप्सचे काम एकाच चिपवर बसविण्यात आले. अशा यंत्राचे झाकण उघडल्यास आत जवळपास रिकामी जागा आणि मधोमध डांबरासारखा काळा ठिपका दिसतो. अख्खे यंत्र त्या ठिपक्याखाली असते. 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी ही यंत्रे देशभर विकली गेली. घराघरांत मात्र त्यांना एकच नाव होते, 'टीव्ही गेम'.

या व्यवहारात मूळ कंपनीला काहीच मिळाले नाही. यंत्र विनापरवाना होते आणि त्यावरील खेळही. आज त्यांच्याविषयी लिहिताना हे विसरता येत नाही. तथापि ज्या बाजाराकडे अधिकृत उद्योगाने कधी गांभीर्याने पाहिलेच नाही, तेथील एका पिढीची खेळांशी ओळख या नकलांनीच करून दिली, हेही तितकेच खरे.

'कॅसेट'च्या आत काय होते?

खेळाच्या काडतुसाला सगळे 'कॅसेट' म्हणत, पण तिच्यात फीत नसे. आत कायमस्वरूपी स्मृती असलेली चिप असे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता. मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र आज त्याच्या पन्नास-शंभरपट जागा घेते. जागा वाचविण्यासाठी खेळकर्त्यांनी नाना युक्त्या केल्या. मारिओच्या आकाशातील ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. फक्त रंग बदलला आहे.

'९९९९ इन वन' लिहिलेल्या कॅसेटचे कोडेही याच हिशेबातले. तिच्यात खेळ मोजकेच असत. तोच खेळ कधी दुसऱ्या टप्प्यापासून, कधी जादा 'लाइफ' देऊन नव्या क्रमांकाने यादीत घातला जाई. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची, हा तर देशव्यापी उपाय होता. प्रत्यक्षात फुंकरीने फारसे काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने धातूचे टोक नव्याने जुळे आणि श्रेय फुंकरीला मिळे. उलट श्वासातील ओलाव्याने त्या टोकांना गंज चढतो.

बंदुकीने बदके टिपण्याच्या 'डक हंट'ची करामत याहून मजेशीर आहे. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे, उलट तीच पडद्याकडे पाहत असे. चाप ओढताच पडदा क्षणार्धासाठी काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतील संवेदकाला तो प्रकाश दिसला तर नेम लागला असे यंत्र ठरवी. हा सारा खेळ काचेच्या जुन्या चित्रनलिकेच्या वेगावर बेतलेला होता. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर लागतो. म्हणून ती बंदूक तेथे निकामी ठरते.

अशा कॅसेटवर खेळ 'सेव्ह' करण्याची सोय सहसा नसे. त्यासाठी आत बॅटरी बसवावी लागते आणि तेवढा खर्च स्वस्त कॅसेटला परवडत नसे. विदर्भात याचा अर्थ वेगळाच होता. वीज गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर! २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दिवसातील कित्येक तास भारनियमन चाले. शेवटच्या किल्ल्यातील राजकन्या अनेकांना कधीच भेटली नाही, त्यात कौशल्याइतकाच वीज मंडळाच्या वेळापत्रकाचाही वाटा होता.

'मुस्तफा'ची पार्लरे

ज्या घरी टीव्ही गेम नव्हता, त्या घरातील मुलांसाठी व्हिडिओ गेम पार्लर होते. तेथील अनभिषिक्त सम्राट म्हणजे 'मुस्तफा'. खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या 'कॅपकॉम' कंपनीचा हा १९९३ चा खेळ. त्यातील चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा होते आणि भारतीय मुलांनी त्याच्याच नावाने सारा खेळ ओळखला.

पार्लर आणि पालक यांचे नाते मात्र कायम संशयाचे राहिले. शाळा बुडवून तेथे जाणारी मुले हे एक कारण, जुगाराची शंका हे दुसरे. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ मध्ये 'एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरना परवाना घेण्याचे बंधन वैध ठरविले. अशा यंत्रांवर कौशल्य आणि नशीब यांची सरमिसळ होऊ शकते, यंत्रात फेरफार करता येतो, म्हणून त्यांचे नियमन करण्याचा शासनाला अधिकार आहे, असा त्याचा आशय होता. खेळ कोठे संपतो आणि जुगार कोठे सुरू होतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

संगणक आला, कंपन्याही आल्या

दोन हजारच्या दशकात सायबर कॅफे आणि संगणक प्रशिक्षण वर्गांनी पार्लरची जागा घेतली. तेथेही वेळेचा तोच फरक दिसतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा आणि मोटारसायकलींची मारामारी असलेला 'रोड रॅश' मूळ १९९१ चा. पण येथील संगणकांवर ते पुढे कैक वर्षे नवेच होते. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या 'ईए' कंपनीच्या 'क्रिकेट ०७'ची कथा तर विलक्षणच. कंपनीने त्यानंतर ही मालिका थांबविली. भारतीय चाहत्यांनी मात्र संघ, गणवेश, मैदाने स्वतः बदलून तो खेळ चालू ठेवला. विराट कोहलीच्या पिढीचे संघ त्यात चाहत्यांनीच उतरविले आहेत.

भारतीय कंपन्यांनीही याच काळात उडी घेतली. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत 'इंडियागेम्स' स्थापन केली. ती २००७ मध्ये 'यूटीव्ही'कडे आणि नंतर 'यूटीव्ही'सह 'डिस्ने'कडे गेली. २००६ मध्ये रिलायन्स समूहाने 'झपाक' हे खेळांचे संकेतस्थळ आणि पाठोपाठ गेमिंग केंद्रे सुरू केली. २००९ मध्ये 'सोनी'च्या 'प्लेस्टेशन २'साठी 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि कबड्डी, पतंग यांसारखे देशी खेळ असलेला 'देसी अड्डा' हे भारतात बनलेले खेळ आले. 'प्लेस्टेशन ३' जगात २००६ मध्येच आले होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. म्हणजे भारतीय निर्मात्यांचा खेळ आला तोही उतरणीला लागलेल्या यंत्रावर. २०१३ च्या आरंभी 'प्लेस्टेशन २'चे उत्पादन थांबले. २०१६ मध्ये 'डिस्ने'ने भारतातील गेमनिर्मितीही बंद केली.

प्रथमच एकाच वेळी

पाणी शेवटच्या बांधीला सर्वांसोबतच पोहोचण्याची किमया केली ती मोबाइलने. १९९७ मध्ये 'नोकिया'च्या हँडसेटमध्ये आलेला 'स्नेक' हा तिचा पूर्वरंग. सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ'ची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८ मध्ये मोबाइलवर आलेला 'पबजी' सोल, मुंबई आणि सालेकसा येथे एकाच वेळी खेळला जाऊ लागला. नव्या खेळासाठी दहा वर्षे थांबण्याचा काळ संपला.

मात्र बरोबरीने दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे, खेळ आता आपल्या मालकीचा राहिला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी'वर बंदी घातली आणि लाखो खेळाडूंनी जमविलेले सारे काही एका आदेशासरशी बंद पडले. कॅसेटवर बंदी घातली तरी ती कपाटात राहते. सर्व्हरवरचा खेळ राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 'ऑनलाइन गेमिंग' या शब्दाचा अर्थ पाहता पाहता पैसे लावण्याचे खेळ असा होत गेला. गोंदियाचे नाव या संदर्भात जुलै २०२३ मध्ये देशभर गाजले. ऑनलाइन गेमिंगच्या नावाखाली ५८ कोटी रुपयांनी फसवणूक झाल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली. त्यावरून नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातील एका घरावर छापा टाकला आणि कोट्यवधींची रोकड व सोने-चांदी जप्त केली. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचल्याचा आनंद मानणाऱ्या पिढीच्या शहरात 'गेम' हा शब्द पोलिसांच्या फिर्यादीत अवतरला.

१ ऑक्टोबर २०२३ पासून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालविण्यास त्याने मनाई केली. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या खेळांना मात्र प्रोत्साहनाच्या यादीत स्थान मिळाले. १९९५ च्या निकालात कौशल्य-नशिबाच्या सरमिसळीवर बोट ठेवले होते. तीस वर्षांनी तो भेदच बाजूला ठेवून पैशाच्या व्यवहारावर रेषा ओढण्यात आली.

आठवणींचा बाजार

या पार्श्वभूमीवर जुन्या, निरुपद्रवी खेळांची ओढ वाढावी, हे स्वाभाविकच. उद्योगानेही ती नेमकी हेरली. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोने आपल्या जुन्या यंत्राची ३० खेळ असलेली छोटी आवृत्ती काढली. अवघ्या काही महिन्यांत ती २० लाखांहून अधिक विकली गेली. २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची न उघडलेली एक प्रत २० लाख डॉलरना विकल्याची बातमी आली. महाराष्ट्रही या बाजारात आहे. 'पॅक-मॅन'च्या अधिकृत मोबाइल खेळाचे काम जपानच्या 'बंदाई नामको' कंपनीने पुण्याच्या 'सुपरगेमिंग'कडे सोपविले. पुण्यातीलच 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ २०२० मध्ये निन्टेंडोच्याच 'स्विच' या यंत्रावर आला. ज्या कंपनीच्या नकलांवर आपली मुले वाढली, तिच्या अस्सल यंत्रावर मराठी मुलखात घडलेला खेळ पोहोचायला सुमारे तीन दशके लागली.

जे विकले जात नाही, त्याचे काय?

पण स्मरणरंजनाचा बाजार जे खपते तेच जपतो. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्रीची दुकाने बंद केली. ग्रंथालयांनी जतन केलेले जुने खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्येच 'पॅक-मॅन' व 'टेट्रिस'सह १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले, हा त्यातल्या त्यात दिलासा. आपल्या 'मुस्तफा'ची स्थिती याहून वाईट आहे. त्याच्या कथेचे हक्क एका अमेरिकी चित्रकथेशी निगडित आहेत आणि नावात मोटारीची मुद्रा आहे. पार्लरमधील तो खेळ घरगुती यंत्रासाठी अधिकृतपणे कधीच निघाला नाही. भारतातील एका पिढीचा सर्वांत लाडका खेळ आज विकत घ्यायचा म्हटले तरी घेता येत नाही.

नकली यंत्रांची तर नोंदही कोठे होण्याची शक्यता कमी. मूळ कंपनीच्या इतिहासात त्यांना स्थान नाही, कारण ती तिची नव्हती. ती बनविणाऱ्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत, कारण व्यवसाय विनापरवाना होता. उरतात ती केवळ माळ्यावरची खोकी. १३ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या जिल्ह्यात अशी किती खोकी भंगारवाल्याच्या तराजूत गेली असतील, याची गणती कोणीच करणार नाही.

ज्यांच्याकडे ती अजून आहेत, त्यांना थोडे करता येण्यासारखे आहे. कॅसेटमध्ये फुंकर मारू नये. तिची धातूची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाने हलकेच पुसावीत. ओल लागणार नाही अशा जागी ती ठेवावी. यंत्रावरचे नाव, खोक्यावरची जाहिरात, कॅसेटचे लेबल यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. जुना काचेचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर तो टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण बदकांची ती बंदूक त्याच्याशिवाय चालणार नाही. आणि शक्य तर घरातल्या मुलाला एकदा तो खेळ खेळू द्यावा. तीन लाइफ संपल्या की खेळ संपतो, पुढे जायचे तर पैसे भरून नव्हे, पुन्हा पहिल्यापासून खेळूनच जाता येते, हे त्याला तेथे कोणी न सांगता कळेल.